चपलेचा बेडूक

"वढू नोका, ढील द्या," ती म्हणाली, आणि मी ओढलं. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम तेच. संध्याकाळची वेळ, गावचा तलाव आणि माझ्या गळाची गरी शिंगाड्याच्या वेलात अडकलेली. काठावर बसून माझी बायको हसत होती. लग्न झाल्यापासून ती मला हसतच आली.

मी चार बुकं शिकलेला माणूस, सरळ सांगतो. मरळ मासा पकडायची अक्कल तिच्याएवढी गावात कोणाला नव्हती. आमच्याकडचे तलाव तुम्ही पाहिले असतील. पाणी कमी दिसतं, गवत, कमळ आणि शिंगाडाच जास्त. मरळ त्याखाली पडून राहते. तिथं साधी गरी टाकली की गवतच धरून आणते. म्हणून ती चपलेचा बेडूक करायची.

तुटकी हवाई चप्पल घ्यायची, तिच्या रबरातून बोटभर बेडूक कापायचा. पोटाला चीर देऊन गरी आत बसवायची आणि टोक पाठीच्या रबरात असं दाबायचं की हात फिरवला तरी लागू नये. मागं सुतळीचे दोन पाय. वजनाला शिसं बांधायचंच नाही, बेडूक तरंगला पाहिजे. असा बेडूक पानांवरून टुणटुण ओढला की मरळ खालून झडप घालते, रबर दबतं आणि टोक बाहेर येतं.

मी मात्र टोक जरा बाहेरच ठेवायचो. वाटायचं, मासा लवकर लागेल.

"अजी, टोक दिसून राह्यलं तुमचं."

"दिसू दे."

"मंग आज गवताची भाजी खा."

गावात कोणाचीही चप्पल तुटली की आमच्या दारात येऊन पडायची. एकदा पोरीला पाहायला पाहुणे आले. मुलाच्या काकाच्या चपलेचा अंगठा पिनेनं जोडलेला. हिला वाटलं, शेजारणीनं आणून टाकली. निघताना काकानं पाय घातला, तर टाचेत बेडकाएवढं भोक! मला घाम फुटला. सोयरीक मोडली असंच धरलं.

ही बाहेर आली, भोक पाहिलं, पदर तोंडाला लावला. "भाऊ, थांबा. तुमच्याच चपलेनं मरळ आणतो, खाऊनच जा."

आणली पण, हातभर लांब. काकानं दोनदा रस्सा मागितला आणि माझी चप्पल घालून घरी गेला. पोरगी त्याच घरात नांदते. माहेरी येताना अजून तिकडच्या तुटक्या चपला पिशवी भरून आणते.

एका गोष्टीत बायको कडक होती. गरी पाण्यात सोडून घरी यायचं नाही. सकाळी म्हशी उतरतात, त्यांच्या नाकातोंडात जाते. त्या संध्याकाळी माझी गरी वेलातून सुटेना, तेव्हा पहिल्यांदाच म्हणाली, "राहू द्या. सकाळी काढू, म्हशी यायच्या आधी. मले थकल्यावानी लागून राह्यलं." मी काठी खुंटाला बांधली. घरी येईपर्यंत ती माझ्या गाठीला हसत होती.

पहाटे मी चहा केला, दोन हाका मारल्या. ती उठली नाही.

उजाडलं तेव्हा अंगणात माणसं जमली होती. बाया रडत होत्या. पोरीची वाट पाहत सगळे बसलो होतो. तेवढ्यात म्हशींच्या घंट्या वाजल्या. मी उठलो.

शेजारी मागून ओरडला, "भाऊ, कुठी चालले आता?"

"गरी काढून येतो."

म्हातारा येडा झाला म्हणाले असतील. म्हणोत.

तलावावर पोचलो तेव्हा म्हशी वळणावर दिसत होत्या. काठी सोडली आणि सवयीनं हिसका दिला. वेल हलला, गरी नाही. मग हात थांबवला. दोर ढिला सोडून नुसता उभा राहिलो. वाऱ्यानं पाणी जरा हललं, आणि बेडूक आपोआप सुटून वर आला.

"सुटली वं!" मी मोठ्यानं म्हणालो.

म्हशींना वाट दिली. काठावर बसून बेडकाचं बाहेर आलेलं टोक अंगठ्यानं रबरात नीट दाबलं. हात फिरवून पाहिला. लागलं नाही.