परेश फोटोवाल्याची एकच पोझ

परेश गुप्ते नवरी घेऊन पळाला, ही बातमी पनवेलच्या भाजी बाजारात पोचली तेव्हा परेश गुप्ते त्याच बाजारात मेथीची जुडी निवडत होता. सत्तावन्न वर्षांचा, चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधणारा हा माणूस नवरी पळवेल यावर विश्वास ठेवायला कुणाला जराही जड गेलं नाही. व्हिडिओच होता ना! खाडीच्या कडेनं, शालू नेसलेली नवरी दोन्ही हातांवर घेऊन परेश धावतोय आणि मागून नवरा एका हातानं कंबर धरून, दुसऱ्यानं हातवारे करत ओरडत येतोय.

खरं काय, तर कामोठ्याच्या प्रदीपच्या, म्हणजे नवऱ्याच्या, कंबरेत फोटोसाठी नवरीला उचलताना उसण भरली होती. "अहो, असं उचलायचं, असं!" म्हणत परेशनं नवरीला, कीर्तीला, उचलून दाखवलं आणि नेमकं भरतीचं पाणी पायाशी आलं. खाली ठेवावं तर शालू चिखलात. मग काय, थेट रस्त्यापर्यंत दौड. नवरा "फोटो काढा, कुणीतरी फोटो काढा" असं ओरडत होता, पण रस्त्यावरून कुणीतरी काढलेल्या त्या व्हिडिओला आवाज नव्हता.

परेशच्या बायकोनं, सुनितानं, व्हिडिओ दोनदा पाहिला.

"मला बरं कधी उचललं नाहीत?"

"तेव्हा कॅमेरा कोण धरणार होतं?" परेश म्हणाला आणि मेथी निवडायला बसला.

इथवर सगळी गंमतच होती. घोळ पुढं झाला. कीर्तीच्या नणंदेला ती पोझ ओळखीची वाटली. तिनं स्वतःचा अल्बम उघडला, तर पहिल्याच पानावर तेच. तिनं तो फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला. संध्याकाळपर्यंत पळस्प्यापासून उरणपर्यंतचे अल्बम बाहेर निघाले. सगळीकडे एकच चित्र: नवऱ्याच्या हातांवर नवरी, तिची मान मागे लोंबलेली, एक हात खाली लटकलेला, आणि नवरा आभाळाकडे बघत आ वासून.

याचं मूळ परेशच्या मामात. मामा मालवाहू जहाजावर होता आणि भाच्यासाठी परदेशी सुपरहिरोंची जुनी कॉमिक्स आणायचा. परेशला इंग्रजीचा गंध नव्हता, म्हणून त्यानं फक्त मुखपृष्ठं वाचली. वाचता वाचता त्याला एक गोष्ट दिसली. हिरो वेगळे, झगे वेगळे, कंपन्या वेगळ्या, पण चित्रं तीच तीच. एखादा आपल्याकडे पाठ करून, झगा उडवत निघून चाललाय. एखादा हुबेहूब स्वतःसारख्याच माणसाशी मारामारी करतोय. एखाद्याला आभाळाएवढ्या पंजानं मुठीत धरलंय. एखादा मान खाली घालून मधोमध उभा आणि चहूबाजूंनी लोक त्याच्याकडे बोटं रोखून. आणि सगळ्यांत जास्त वेळा, हातांवर कुणालातरी घेऊन आ वासलेला.

परेशला वाटलं, हा आनंदानं गातोय. दमलेल्या माणसाला घरी घेऊन चाललाय, वा! पुढे स्टुडिओ काढला तेव्हा त्यानं नवऱ्यांना हीच पोझ दिली. पाठ करून निघालेला हिरो पाठवणीच्या फोटोत गेला. इंग्रजी वाचता येऊ लागल्यावर कळलं की हातांवरचा तो माणूस मेलेला असतो. पण तोवर अर्धं पनवेल त्या पोझमध्ये संसाराला लागलं होतं. परेश गप्प बसला. बोटं रोखलेली पोझ तेवढी त्याला कधी मिळाली नाही. लग्नात लोक बोटं दाखवतात, पण पाठीमागे.

तर ते अल्बम बाहेर निघाले आणि कोळीवाड्यातून गंगाबाईचं बोलावणं आलं. गंगाबाई म्हणजे मासळी बाजारातला शेवटचा शब्द. तिच्या घरच्या सगळ्या लग्नांचे फोटो परेशनं काढलेले, आता नात किशोरीचं लग्न ठरलेलं. गंगाबाईनं नाही म्हटलं की अख्खा कोळीवाडा नाही म्हणणार आणि मग स्टुडिओचं शटर ओढून घरी बसायचं. ते परेशला ठाऊक होतं.

"हात जोडा आणि तोंड उघडू नका," सुनितानं बजावलं.

परेश कॅमेरा गळ्यात आणि कॉमिक्सची पिशवी बगलेत घेऊन गेला. ओट्यावर तीन अल्बम उघडे आणि भोवती सगळं घर.

"आरं परेश," गंगाबाई म्हणाली, "माज्या तिन्ही सुना येकसारख्याच लटकल्यात. सुरमई हाय का ती, टोपलीतनं काडलेली?"

"माजी मान आठवडाभर दुखत व्हती!" मधली सून वेणू म्हणाली.

"मावशी, हे बघा." परेशनं तोंड उघडलंच. तीन कॉमिक्स पसरली. "तीन वेगळे हिरो, पण पोझ एकच. दुकानात टांगलेलं चित्र रस्त्यापलीकडच्या पोराला एका नजरेत कळलं पाहिजे, म्हणून मोठे मोठे चित्रकार हेच काढायचे. तसं पाहुण्याला दारातूनच कळायला नको, की या घरात लग्न झालंय?"

गंगाबाईनं चित्र डोळ्यांजवळ नेलं. "ह्यो हातावरचा निजलाय का?"

परेश खोटं बोलणार होता. तोंडातून निघालं ते खरंच.

"मेलाय, मावशी."

मग ओटा पेटला. "माज्या सुना मेलेल्या दावल्यास?" गंगाबाई उठली. मोठा मुलगा धर्मराज उठला, वेणू उठली, सगळं घर उठलं, आणि सगळ्यांची बोटं परेशवर. परेशनं मान खाली घातली. घातली आणि तिरक्या नजरेनं बघतो तो काय! चहूबाजूंनी बोटं, मधोमध आपण.

"थांबा!" तो ओरडला. "कुणी हलू नका! धर्मराज, बोट जरा वर!"

आणि अख्खं घर थांबलं. इतक्या वर्षांची सवय. परेशनं थांबा म्हटलं की कोळीवाडा श्वास रोखतो. वेणूनं तर एका हाताचं बोट रोखून दुसऱ्यानं पदर नीट केला. परेशनं कॅमेरा कट्ट्यावर ठेवून टायमर लावला, धावत मधे आला आणि पुन्हा मान खाली घातली. खटॅक!

मग सगळी डोकी कॅमेऱ्यावर वाकली. फोटोत गंगाबाई सगळ्यांपुढे, वल्ह्यासारखं बोट रोखून, डोळ्यांत जाळ. तिनं बराच वेळ स्वतःकडे पाहिलं. पोट हलू लागलं, मग खांदे, मग ती खदखदून हसली.

"असा फोटो माजा कदी निगालाच नाय रं! ह्यो मोटा करून दे, भिंतीवर लावते. आनि किशोरीच्या हलदीला येळंवर ये."

परेशनं कॉमिक्स गोळा केली. सुटलो म्हणत पायरी उतरत होता, तेवढ्यात मागून आवाज आला, "पन सगल्या गावाला येकच फोटो दिलास, लाज नाय वाटली?"

परेश वळला आणि म्हणाला, "मावशी, मंगलाष्टकंही सगळ्या गावाला एकच असतात. त्या भटजींना कधी ओट्यावर बोलावलंत?"