मागे पळणारी कोल्हीण

"कोनाच्या उजव्या? बसनाऱ्याच्या का येनाऱ्याच्या?"

वणीच्या बाजारात कोणीही दुकानाच्या पाटीवर उजवीकडे गणपती काढा किंवा नाव टाका म्हणालं, की पेंटरचाचा ब्रश कानावर खोचून हा प्रश्न विचारत. गादीवर बसलेल्या शेटचं उजवं वेगळं आणि रस्त्यावरून येणाऱ्या गिऱ्हाइकाचं वेगळं. लोक हसत. मीही हसायचो. पुढे याच प्रश्नाचं उत्तर मी घाईत दिलं, आणि त्याबद्दल बोलणं इतकी वर्षं टाळलं. विचारणारेही कमी होत गेले, म्हणून टाळणं सोपं गेलं. आता सांगतो. मात्र नेमकं काय घडलं हे मला अजूनही पुरतं कळलेलं नाही, हे तुम्ही लक्षात ठेवा.

नागपूरचं राज्य जाऊन आम्ही नुकतेच मुंबई राज्यात आलो होतो. मी शाळेत मास्तर होतो. संध्याकाळी एका छापखान्यात मुद्रितं तपासायचो. छापखान्याच्या मालकांना दिवाळीला मुलांसाठी चित्रांचं पुस्तक काढायचं होतं. माझ्याकडे एक जुनी इंग्रजी कादंबरी होती. वणव्यात जंगल जळाल्यावर एक कोल्हीण पिल्लं घेऊन डोंगर ओलांडते आणि समुद्राकाठी पोचते, अशी तिची गोष्ट. ती चित्रांतून सांगायची ठरली. प्रत्येक पानावर एका ओळीत चार चित्रं आणि खाली माझा मजकूर. चित्रांचे जस्ताचे ब्लॉक नागपूरहून करून आणणं मालकांना परवडणारं नव्हतं. चाचा जिनिंगमधल्या कापसाच्या गाठींवर मारायचे ठसे सागवानात कोरत. काम त्यांच्याकडे गेलं.

चाचांनी ते ऐकलं आणि ब्रश चक्क खाली ठेवला. "माहं नाव येईन काय त्याच्यात?"

"पहिल्याच पानावर."

"पाटीवरचं नाव पानी खाऊन टाकते, मास्तर. चार पावसाळे, का साफ. पुस्तकातलं नाही खात." मग जरा लाजून म्हणाले, "पोरीच्या सासरी दाखोता येईन."

मी कादंबरी मोठ्याने मराठीत सांगायचो, चाचा खडूने फरशीवर काढायचे. समुद्र त्यांनी पाहिला नव्हता. त्यांनी त्याला पलीकडचा काठ काढला, वर दोन बाभळी.

"समुद्राला पलीकडचा काठ दिसत नाही, चाचा."

"मग पानी थांबते कायच्यानं?"

मी बराच वेळ समजावलं. काठ गेला. बाभळी राहिल्या.

खरं भांडण झालं ते धाकट्या पिल्लावरून. ते नदी ओलांडताना वाहून जातं, मरतं.

"एवढुश्या जिवाले काहून मारता?"

"मी नाही मारत. पुस्तकात आहे."

"पुस्तक कोनी लिवलं?"

"एका साहेबानं."

"तो येनार हाय काय वनीले, पाहाले?"

"चाचा, गोष्ट बदलता येत नाही."

"तुमाले नाही येत," ते म्हणाले आणि विडी पेटवली.

तो दिवस मला स्पष्ट आठवतो. शाळा तपासायला साहेब यायचे होते. मी सायकलवर एक पाय टाकून चाचांच्या दाराशी उभा. आत सागवानाच्या फळ्या रचलेल्या, एका पानाला एक. त्यांनी विचारलं, "मास्तर, पहिलं चित्र कोन्या बाजूनं घेऊ?"

मला वाटलं, ते लाकडाबद्दल विचारताहेत. ठशावर सगळं उलटं कोरावं लागतं, तेव्हा लाकडावर पहिलं चित्र उजवीकडे. "उजवीकडून," मी म्हणालो.

"कोनाच्या उजव्या?"

"अहो, उजवं म्हणजे उजवं! घ्या कोरायला." आणि मी पायडल मारलं.

ते विचारत होते छापलेल्या कागदाबद्दल. लाकडावर उलटवणं तर त्यांच्या हातातच होतं. मजकुराची मुद्रितं मी ठसे येण्याआधीच तपासून दिली होती. ठसे दिवाळीच्या तोंडावर आले आणि सरळ मशीनवर चढले.

पुस्तक हातात आलं तेव्हा प्रत्येक पानावर गोष्ट उजवीकडून डावीकडे चालली होती. आपली मुलं डावीकडूनच वाचणार. कोल्हीण एका पानावर आधी डोंगर उतरायची, मग चढायची. शेवटच्या पानावर समुद्रापासून मागे मागे जायची. नदीच्या पानावर आधी मेलेलं पिल्लू, मग वाहणारं, मग पाण्यात उतरणारं, आणि ओळीच्या शेवटी काठावर शेपटी उडवत उभं. खाली माझा मजकूर त्याच्या मरणाबद्दल रडत होता.

मालकांनी चाचांना बोलावलं. मी तिथेच होतो.

"उर्दू वाचनाऱ्याले मराठी पुस्तक देल्लं, दुसरं काय होईन!" मालक ओरडले.

तुम्हीच विचार करा. जो माणूस अर्ध्या वणीच्या मराठी पाट्या रंगवतो, त्याला मराठी कुठून वाचतात हे माहीत नसेल? पण हे तिथे कोणी विचारलं नाही. मला सुचलं होतं. तरी मी हातातला छपाईच्या खिळ्यांचा ट्रे उगाच नीट लावत बसलो.

चाचांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. ते मालकांना म्हणाले, "गलती झाली. आदत हाय हाताले."

छापलेले गठ्ठे रद्दीत गेले. त्या दिवाळीनंतर वणीत फुटाणे कोल्हिणीच्या पुड्यांत मिळायचे. भज्यांच्या एका पुडीवर पहिलं पान होतं, चाचांच्या नावासकट, तेलाने पारदर्शक झालेलं. बाजारात त्यांना 'उल्टे पेंटर' म्हणू लागले. "उल्टे पेंटर, पाटी सीधी टांगा बरं!" पहिल्यांदा सगळे हसले. मग पाट्यांची कामं दुसरीकडे जाऊ लागली. चाचा कधी वणी सोडून गेले, ते मला उशिरा कळलं.

मला न सुटलेलं ते हे. त्यांनी माझं ऐकलं म्हणून उलटं कोरलं? मास्तर सांगतो म्हणजे काही असेल, असं वाटलं त्यांना? की माझ्या चुकीचा आडोसा घेऊन त्या पिल्लाला मुद्दाम काठावर आणून ठेवलं? कधी पहिलं खरं वाटतं, कधी शेवटचं. शेवटचं वाटलं की मला हलकं वाटतं, आणि म्हणूनच त्यावर माझा विश्वास बसत नाही.

काही वर्षांनी जनगणनेच्या कामाने मी मुकुटबनला गेलो. चाचा तिथे आहेत असं ऐकलं होतं. बसमध्ये काय बोलायचं ते घोकत गेलो. ते सहकारी सोसायटीच्या भिंतीपाशी शिडीवर होते, अक्षरं रंगवत. दाढी पांढरी झालेली.

"मास्तर!" त्यांनी वरूनच ओळखलं. "बरे आले. जरा लांबून पाहा, सीधं हाय काय?"

मी रस्त्यापलीकडे गेलो. "थोडं उजवीकडे घ्या."

त्यांचा ब्रश थांबला. "कोनाच्या उजव्या?"

आम्ही दोघंही भिंतीकडे तोंड करून होतो. दोघांचं उजवं एकच होतं. तरी त्यांनी विचारलं, मागे वळून न पाहता. सवयीने, की मला एक जागा करून द्यायला?

"तुमच्या," मी म्हणालो.

"हाव," ते म्हणाले आणि खडूची रेघ पुसून पुढे आखू लागले. बस सुटायची वेळ झाल्याचं सांगून मी निघालो. ती सुटायला बराच अवकाश होता. स्टँडवर बसून ते घोकलेलं मी पुन्हा एकदा मनात म्हटलं. त्यानंतर चाचा मला दिसले नाहीत, म्हणून ते इथे लिहितो:

चाचा, हाताची आदत नव्हती. उजवं मी सांगितलं होतं. मला माफ करा.