त्याच्या नावाचा कप

माझ्या डब्याचं झाकण कॅप्टननं उघडलं, आत बघितलं आणि परत लावलं. "वहिनींनी केल्यात? राहू दे रे. आज जरा जड होईल." मग शेजारच्या डब्यातले गुलाबजाम उचलले. चांगले चार. म्हणजे पुरणपोळी जड आणि गुलाबजाम हलके.

इथे अमेरिकेत, हेन्डरसनच्या मैदानावर आम्ही मराठी लोक रविवारी बेसबॉल खेळतो. खेळ झाला की घरून आणलेलं सगळ्यांनी मिळून खायचं, इथली रीतच आहे. आधी याच पोळ्या त्यानं वर तूप मागून खाल्ल्या होत्या. मधे एवढंच घडलं की तो मला घरी सोडायला आला आणि हॉलमधला निळ्या कोटातला फोटो त्यानं बघितला. माझ्या आडनावावरून जात कळत नाही. फोटोवरून कळली.

बोलणार काय? ऑफिसात तोच माझा मॅनेजर. व्हिसासाठीचं पत्र तोच देणार. बायको म्हणाली, "गप्प बस. पोरीची शाळा आहे इथे." बसलो गप्प. परतताना गाडीत आम्ही दोघांनीच त्या पोळ्या खाल्ल्या.

आमच्या टीमचा एक देव आहे. बेसबॉलच्या अगदी सुरुवातीच्या काळातला गोरा अमेरिकन बॅटर. कॅप्टननं त्याच्या नावानं सीझनच्या सर्वांत चांगल्या बॅटरसाठी कप ठेवलाय. त्याचा जुना फोटो बघूनच मी बॅट धरायला शिकलो. पाय जवळ, बॅट उंच. त्याच्याबद्दल मिळेल ते वाचायचो, आणि एक दिवस तेही वाचलं. समोरच्या टीममध्ये काळा खेळाडू दिसला की हा म्हणायचा, त्याला बाहेर काढा, नाहीतर मी खेळत नाही. लोक ऐकायचे. कारण त्याचे फटके खरे होते. मला त्याचंच रडू आलं.

सीझन संपला. कप मला मिळाला. कॅप्टननं तो माझ्या हातात दिला नाही, टेबलावर ठेवला. "घे."

मी म्हणालो, "या माणसानं मला मैदानात पाय ठेवू दिला नसता."

"खेळाचं बोल ना. जातपात कशाला मधे आणतोस?"

"डब्याचं झाकण तुम्ही लावलंत."

कप तिथेच राहिला.

पत्र अजून आलेलं नाही. रोज ईमेल उघडतो, बंद करतो. माझ्या हातात काहीही नाही. बायको रात्रभर जागी असते.

रविवारी मात्र जाणार. डबा मधोमध ठेवणार, झाकण काढून. आणि उभा राहणार त्याच्यासारखाच, पाय जवळ, बॅट उंच. तो मैदान सोडायची धमकी द्यायचा. मी मैदान सोडणार नाही.