तात्सुए आजीचा अठरा किलोंचा अंदाज

कुगिउरा बंदराच्या मासळी बाजारात तात्सुए इनोकुमाने एकतीस वर्षं बांगड्यांच्या पेट्या उचलल्या. काटा स्थिर व्हायच्या आत ती वजन सांगायची. गुडघे गेले तेव्हा गावच्या देवळाने तिला दानपेटीवर नेमलं.

इथे देवाला पाच येनच वाहतात, मधे भोक असलेलं पितळी नाणं. शंभर येन टाकणाऱ्याने काहीतरी पाप केलं असणार, असं गाव धरून चालतं. बँकेने चिल्लर मोजायचे पैसे घ्यायला सुरुवात केल्यापासून नाणी कोणी मोजेना. आजी बादली उचलायची, आकडा सांगायची, तो वहीत चढायचा. मोतीबिंदूमुळे बादलीतलं तिला धड दिसत नसे, आणि बघायची तिला गरजही वाटत नसे.

शहरातून आलेल्या किरिहाता या नव्या पुजाऱ्याला हे पटेना. त्याने नाणी मोजायचं यंत्र आठवडाभरासाठी भाड्याने आणलं आणि देवस्थानच्या पंचांसमोर अट घातली: आजीचा आकडा पन्नासने जरी चुकला, तर यंत्र विकत घ्यायचं आणि आजीने घरी बसायचं.

रविवारी दुपारी आजीने बादली गुडघ्यापर्यंत उचलली.

"अठरा किलो. चार हजार आठशे नाणी. साकेच्या दोन मोठ्या बाटल्या भरून वर पेलाभर उरतील. एकाला एक लावून मांडलीत तर देवळाच्या कमानीपासून बाजारातल्या काट्यापर्यंत, एकशे पाच मीटर. मांडणार असाल तर मांडा, मी चहा घेते."

काट्यावर अठरा किलो भरले. यंत्राने मोजली चार हजार एकशे एकोणऐंशी.

"आजी, सहाशेने चुकलात," किरिहाता म्हणाला. त्याला हसू आवरत नव्हतं.

"पुजारीबाबा, त्या खालच्या खणात काय खळखळलं?"

यंत्राने नाकारलेला माल त्या खणात पडत होता. किरिहाताने तो चटईवर उपडा केला. पितळी वायसर! होड्यांच्या इंजिनाचे, नाण्याच्याच मापाचे, मधे भोक असलेले. सहाशे सोळा.

पाचही पंच होडीवाले. पाचही जण चटईची वीण पाहू लागले.

"पेटीत पडताना आवाज सारखाच येतो," शेवटी सरपंच ओगिनोमे पुटपुटला.

"देव काय बहिरा आहे का रे?" आजी म्हणाली. "माझं वजन बरोबर आहे. भेसळ तुमच्या भक्तीत आहे."

ओगिनोमेने घसा खाकरला. "यंत्र महाग आहे. शिवाय वीज खातं. आजींचा हात उत्तम आहे."

बाकीच्या चौघांनी इतक्या घाईने माना डोलावल्या की किरिहाताला बोलायला जागाच उरली नाही. यंत्र त्याच संध्याकाळी परत गेलं.

"पण वहीत किती येन लिहू?" त्याने विचारलं.

"येन कशाला?" आजी म्हणाली. "किलोत लिहा."

गेली चार वर्षं देवळाच्या वहीत दान किलोत लिहिलं जातं. हिशेब तपासायला अजून कोणी आलेलं नाही.