शिशाची घडी

शाहूपुरीतल्या दवाखान्यात एक्स-रे काढणाऱ्या त्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. आईच्या गुडघ्याचा फोटो असला की तिला धरायला मी आत जाई, आणि तो मला शिशाचा एप्रन देई. मी फिजिक्सचा निवृत्त मास्तर. शिशाचे जड अणू फोटॉन कसे गिळतात, उरलेले कसे विखुरतात, हे त्यानं न विचारताच मी त्याला सांगे. तो "व्हय की, सर" म्हणे. फोटो झाला की मी एप्रनची चौपदरी घडी घाली. तो मुकाट्यानं ती मोडून एप्रन दांडीवर टांगे. मला वाटे, गबाळा आहे.

परवा त्यानं त्या एप्रनचाच एक्स-रे दाखवला. पांढऱ्याफेक शिशात, बरोबर माझ्या घडीवर, काळी चीर.

"घडीवर शिसं फुटतंय, सर. तिथनं किरणं आत येत्यात."

"आधी बोलायचं नाही का?"

"तुमचं शिकवणं चालू हुतं न्हवं."

त्याच दिवशी आईचा तोल राहीना, म्हणून तोही धरायला आला. चांगला एप्रन त्यानं मला दिला, फुटका स्वतः चढवला.

फोटो झाला. मी एप्रन काढला आणि हात आपसूक घडी घालू लागले. त्यानं एप्रन घ्यायला नुसता हात पुढं केला.