चारच दिवस

शालनअक्का गेल्याचा निरोप आला तेव्हा मी शाळेत पाढे घेत होते. दारातूनच टेम्पोवाला म्हणाला, "बाई, अक्कांना घेऊन निघालो व्हतो, पन नगर गाठायच्या आधीच..." मुलं सतराचा पाढा म्हणतच राहिली. त्याला आता दोन महिने होतील.

अक्का माझ्या थोरल्या जाऊ. शेवगावजवळच्या आमच्या घरात बाईनं चार दिवस बाजूला बसायचं, मागच्या दाराशी गोणपाटावर. पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं की ती मोकळी. अंगावर जायचं थांबलं का, हे कुणी विचारत नसे. अक्कांचं कधीच थांबलेलं नसायचं. तालुक्याच्या डॉक्टरांनी विचारलं, किती दिवस जातं? "चारच," अक्का म्हणाल्या. शेजारी बसून मीही मान हलवली. मी, शिकलेली! डॉक्टरांनी रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या आणि आम्ही उसाचा रस पिऊन घरी आलो.

पुढच्या वर्षी अक्कांची दाढ काढली, तर दोन दिवस रक्त थांबेना. मग नगर, मग पुण्यात तपासण्या. रक्त गोठायला जे लागतं तेच जन्मापासून कमी. क्वचित कुणाला असणारा आजार. "पाळीचं आधी खरं का नाही सांगितलं?" नगरचे मोठे डॉक्टर चिडले. अक्का हळूच म्हणाल्या, "आमच्याकडं चारच दिस असत्यात, सायेब." त्यांनी बजावलं, पाचव्या दिवशी थांबलं नाही तर तडक इकडे या.

यंदा तो पाचवा दिवस नेमका महालक्ष्म्यांच्या जेवणाचा आला. अक्का न्हाऊन पुरणाला उभ्या राहिल्या. ओठ पांढरे पडलेले.

"अक्का, अजून...?"

"गप. न्हायलीय मी. सोळा भाज्या एकली करशील व्हय?"

मी गप्प बसले. सोवळं मोडायची भीती होती, आणि खरं सांगायचं तर कामाचीही. त्याची मला अजून लाज वाटते. दुसऱ्या सकाळी मी शाळेला निघाले तेव्हा त्या भिंतीला टेकून भांडी घासत होत्या.

गोणपाट तिथंच आहे. परवा अक्कांची लेक रेखा, चौदा वर्षांची, पाचव्या दिवशी न्हाऊन स्वयंपाकघरात आली आणि दुपारी सगळे लवंडल्यावर पुन्हा त्यावर जाऊन बसली. मी शेजारी टेकले.

"थांबलं का गं?"

तिनं आजीच्या खोलीकडे पाहिलं. "थांबलं की काकू. चारच दिस असतंय."

मी तिला हाताला धरून उठवलं. गोणपाट ओलं होतं. नगरची एस.टी. तीनला होती. सासूबाईंना न विचारता मी तिच्या पायात चपला घातल्या.