बद्द की खणखणीत

लेकीच्या घरामागची ही परदेशातली नदी थंडीत गोठते, आणि तिच्यावरचा बर्फ किती जाड झाला ते मोजणं ही लेकीची नोकरी. पुलावर कॅमेरा आहे, आकाशातून उपग्रह फोटो काढतो, तरी बाईसाहेब पहार घेऊन निघाल्याच!

"अगं, एवढी यंत्रं काय शोभेला ठेवलीत?"

"आई, वरून बर्फ दिसतो, जाडी नाही दिसत. ती भोक पाडूनच मोजावी लागते."

म्हणजे बर्फावर चालता येईल का, हे बघायला आधी बर्फावरच चालायचं! काय म्हणावं या शहाणपणाला? पुढं पहार आपटते, आवाज ऐकते, मगच पाऊल टाकते. मी बाजारात मडकं वाजवून घेते ना, अगदी तशी. पण मडकं बद्द वाजलं तर मी ते ठेवून दुसरं उचलते. हिच्या पायाखाली दुसरी नदी कुठून आणू?

त्यात या मेल्या दुहेरी काचेतून काही ऐकूही येत नाही. वैतागून मी खिडकी सताड उघडली.

"आई, खिडकी लाव! घर गारठेल!" ती नदीवरून ओरडली.

"तू आधी वाजव!"

तिनं पहार आपटली. खण्ण!

लावली मग खिडकी. पुढच्या पावलापर्यंत.